वणीचा कोळसा आणि बाभुळगावचे डिझेल

यवतमाळ जिल्ह्यात कोळसा निघतो तो वणीकडे. बाभुळगाव त्याच जिल्ह्यातला तालुका, पण त्याच्या काळ्या कापूसजमिनीखाली बेसाल्टचा जाड थर आहे. इथे खदान नाही. इथे बेंबळेचे धरण आहे, कापूस, तूर, सोयाबीन आहे, आणि नांगरणीपासून माल बाजारात पोचेपर्यंत पावलोपावली लागणारे डिझेल आहे. ते डिझेल ज्या कच्च्या तेलातून येते, त्यातले 85 टक्क्यांहून अधिक तेल भारत बाहेरून विकत घेतो. कोळशाचे मात्र देशातले वार्षिक उत्पादन 2024-25 मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेले. महाराष्ट्राच्या भूगर्भात बाराशे कोटी टनांहून अधिक कोळसा असल्याचा अंदाज आहे आणि त्याचा मोठा भाग वर्धा खोऱ्यात, म्हणजे वणी, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात आहे. म्हणून डिझेलचे भाव चढले की एक प्रश्न विदर्भात पुन्हा निघतो: आपल्याच कोळशाचे तेल का करू नये?

प्रश्न भाबडा नाही. कोळशापासून पेट्रोल करता येते, हे सिद्ध होऊन शंभर वर्षे उलटली आहेत. या शंभर वर्षांचा अनुभव नीट पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. अडचण कोळसा मिळण्याची कधीच नव्हती. अडचण आहे ती हायड्रोजन कुठून आणायचा आणि राख कुठे टाकायची, याची. विदर्भाच्या कोळशाला तर हे दोन्ही प्रश्न इतरांपेक्षा जास्त जाचतात.

रसायन आधी समजून घेऊ. कोळसा आणि खनिज तेल दोन्ही मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनचेच बनलेले. फरक प्रमाणाचा आहे. दगडी कोळशात कार्बनच्या दहा अणूंमागे हायड्रोजनचे सात-आठ अणू असतात. कच्च्या तेलात सतरा-अठरा, पेट्रोल-डिझेलमध्ये त्याहून थोडे अधिक. कोळशाचे रेणू प्रचंड मोठे, एकमेकांत गुंतलेले असतात. ते तापवून तोडायचे आणि तुटलेली टोके पुन्हा एकमेकांना चिकटण्याआधी त्यांना हायड्रोजन जोडायचा, एवढेच या प्रक्रियेचे सार. त्यासाठी कोळसा दळून जड तेलात कालवतात, त्यात उत्प्रेरक मिसळतात आणि सुमारे 450 अंश सेल्सियस तापमानाला, 200 ते 700 पट वातावरणीय दाबाखाली हायड्रोजनबरोबर ठेवतात. त्या तेलालाही काम असते. ते स्वतःजवळचा हायड्रोजन कोळशाला देते आणि पुन्हा वायूकडून घेते. उत्प्रेरक म्हणून लोहाची स्वस्त संयुगे चालतात. जर्मनीत तर अ‍ॅल्युमिनियम उद्योगाचा टाकाऊ लाल चिखल वापरत. या पहिल्या टप्प्यातून जड तेल मिळते. दुसऱ्या टप्प्यात त्याची वाफ टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या सल्फाइडवरून नेली की हलके इंधन हाती येते.

ही वाट फ्रीडरिश बेर्गियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली आणि 1913 मध्ये तिचे पेटंट घेतले. मानहाइमजवळ राइनाऊ इथे त्याने प्रायोगिक कारखाना उभारला, पण महायुद्ध आणि त्यानंतरची महागाई यांत त्याचा पैसा संपला. 1925 मध्ये हक्क बीएएसएफकडे गेले आणि ती कंपनी त्याच वर्षी आयजी फार्बेनमध्ये सामील झाली. बेर्गियसला जे जमले नव्हते ते तिथे मत्थियास पीअरने केले: गंधकाने बाद न होणारा उत्प्रेरक. कोळशात गंधक असतोच, त्यामुळे या शोधाशिवाय कारखाना चालणेच शक्य नव्हते. 1927 मध्ये लॉयना इथे लिग्नाइटपासून पेट्रोल निघू लागले. 1931 चे रसायनशास्त्राचे नोबेल बेर्गियस आणि कार्ल बॉश यांना उच्चदाबाच्या रासायनिक पद्धतींसाठी विभागून मिळाले.

पेट्रोल निघाले, पण ते विकत कोण घेणार? बाजारातल्या तेलापेक्षा ते कितीतरी महाग पडत होते. डिसेंबर 1933 मध्ये हिटलरच्या सरकारने आयजी फार्बेनशी करार करून लॉयनाच्या पेट्रोलला ठरावीक भावाची हमी दिली. ब्रिटननेही 1934 मध्ये देशी कोळशाच्या पेट्रोलला कराची सवलत देणारा कायदा केला, आणि आयसीआय या रसायन कंपनीचा बिलिंगहॅमचा कारखाना 1935 मध्ये त्या आधाराने सुरू झाला. या तंत्राच्या इतिहासात ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदललेली नाही. जिथे कुठे कोळशाचे तेल निघाले, तिथे त्याच्या मागे सरकारची हमी, युद्ध किंवा नाकेबंदी उभी होती.

जर्मनीचे युद्ध या तेलावर चालले. बेर्गियस पद्धतीचे बारा कारखाने उभे राहिले आणि लढाऊ विमानांना लागणारे जवळपास सगळे पेट्रोल त्यांतून येत होते. 12 मे 1944 रोजी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी लॉयनासह या कारखान्यांवर मोठा हल्ला चढवला. त्यानंतरच्या सततच्या माऱ्याने विमान-पेट्रोलचे उत्पादन एप्रिलमधल्या सुमारे पावणेदोन लाख टनांवरून सप्टेंबरपर्यंत दहा हजार टनांच्या आसपास आले. विमाने होती, पण ती उडवायला इंधन नव्हते. आउशवित्झजवळ मोनोवित्झ इथे आयजी फार्बेनने कृत्रिम रबर आणि इंधनाचा प्रचंड कारखाना छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतला. त्यात हजारो माणसे मेली. कंपनीच्या अधिकाऱ्यांवर न्यूरेंबर्गला 1947-48 मध्ये खटला चालला. कोळशाच्या तेलाचा इतिहास लिहिताना कारखान्यांची संख्या आणि टनांचे आकडे देऊन पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. स्वस्त नसलेले इंधन स्वस्त भासवण्यासाठी तिथे माणसे मारून टाकली गेली.

युद्धानंतर अमेरिकेच्या खाण विभागाने मिसूरी राज्यातल्या लुइझियाना गावी याच पद्धतीचा प्रात्यक्षिक कारखाना चालवला. आखाती देशांचे तेल मुबलक झाले आणि 1953 मध्ये तो बंद पडला. 1973 च्या तेलसंकटानंतर केंटकी आणि टेक्सासमध्ये नव्या पद्धतींचे मोठे प्रायोगिक कारखाने उभे राहिले. जपानने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या लिग्नाइटवर प्रयोग केले. 1980 च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि हे सगळे थांबले.

दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. वर्णभेदामुळे जगाने तेल तोडण्याची भीती असलेल्या त्या सरकारने सासोल कंपनीमार्फत 1955 मध्ये सासोलबर्गला आणि पुढे 1980 च्या सुमारास सेकुंडाला कारखाने उभारले. त्यांत कोळशाला थेट हायड्रोजन जोडत नाहीत. कोळशाचे आधी वाफ आणि प्राणवायूच्या मदतीने वायूत रूपांतर करतात, तो वायू स्वच्छ करतात आणि मग फिशर-ट्रॉप्श पद्धतीने त्यातून द्रव इंधन बांधतात. ही अप्रत्यक्ष पद्धत. तिच्यात ऊर्जा जास्त वाया जाते, पण राख पहिल्याच टप्प्यात बाजूला होते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण वणीच्या कोळशाकडे येताना तोच निर्णायक ठरतो.

बेर्गियसच्या थेट पद्धतीचा मोठा व्यापारी कारखाना आज चीनमध्ये आहे. अंतर्गत मंगोलियातल्या ओर्डोसला शेनहुआ कंपनीने तो 2008 च्या अखेरीस सुरू केला. क्षमता वर्षाला सुमारे दहा लाख टन तेलाची. तिथला कोळसा कमी राखेचा आणि खाण दाराशी. तरीही त्या कोरड्या प्रदेशातून कारखान्याने भूजल उपसल्याबद्दल 2013 मध्ये ग्रीनपीसने आवाज उठवला. चीनने त्यानंतर उभारलेले सर्वांत मोठे संकुल, निंगशियामधले वर्षाला चाळीस लाख टनांचे, अप्रत्यक्ष पद्धतीचे आहे. थेट पद्धतीत एवढी वर्षे आणि एवढा पैसा घातलेल्या देशाने पुढच्या मोठ्या प्रकल्पासाठी दुसरी पद्धत निवडली, याला मी महत्त्व देतो.

भारतात हा विचार स्वातंत्र्यासोबतच सुरू झाला. धनबादजवळ दिग्वाडीहला 1950 मध्ये केंद्रीय इंधन संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले आणि भारतीय कोळशाच्या हायड्रोजनीकरणावर तिथे काम झाले. 2007 मध्ये ही संस्था खाण संशोधन संस्थेत विलीन होऊन 'सिम्फर' झाली. तिचे एक केंद्र नागपूरला आहे. प्रयोगांतून दिसले ते असे की या पद्धतीला सर्वांत अनुकूल भारतीय कोळसा ईशान्येकडचा, आसामचा. त्यात गंधक जास्त, पण राख कमी, आणि हायड्रोजन चटकन स्वीकारणारा व्हिट्रिनाइट हा घटक भरपूर. ऑइल इंडियाने दुलियाजानला त्याच कोळशावर छोटा प्रायोगिक संच चालवला. पण आसामचा साठा देशाच्या साठ्यापुढे नगण्य आहे. जिथे कोळसा मुबलक आहे तिथे तो या पद्धतीला प्रतिकूल, आणि जिथे अनुकूल आहे तिथे तो थोडा, अशी ही गाठ आहे.

2009 मध्ये केंद्राने ओडिशातल्या तालचेर क्षेत्रातले दोन कोळसा ब्लॉक तेलनिर्मितीसाठी दिले: एक टाटा आणि सासोल यांच्या संयुक्त कंपनीला, एक जिंदालला. टाटा-सासोलची योजना रोज 80 हजार बॅरल तेलाची आणि तीही अप्रत्यक्ष पद्धतीची होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 कोळसा ब्लॉकचे वाटप रद्द केले, त्यात हे दोन्ही गेले. त्याच सुमारास तेलाचे भाव घसरले. प्रकल्प कागदावरच राहिले.

आता वणीकडे. वर्धा खोऱ्याचा कोळसा गोंडवन काळातला, बराकर नावाच्या थरांतला. त्या काळी वाहत्या पाण्याने झाडपाला आणि गाळ एकत्र आणून साचवला, म्हणून त्यात माती अगदी बारीक कणांनी मिसळलेली आहे. ती धुऊन काढणे अवघड. राख साधारण 25 ते 40 टक्के. वीजकेंद्राच्या भट्टीत असा कोळसा जळतो. चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे केंद्र अशाच कोळशावर चालते आणि राखेचे डोंगर उभे करते. पण 200 पट दाबाच्या हायड्रोजन संचात ही राख वेगळाच त्रास देते. घट्ट तेलात मिसळलेली ती खरखरीत माती दाब कमी करणाऱ्या झडपांतून प्रचंड वेगाने सुटते आणि पोलाद खरवडून काढते. ती तेलातून वेगळी करताना बरेच तेलही तिच्यासोबत जाते. महागड्या संचातली जेवढी जागा राखेने अडवली तेवढी फुकट गेली. शिवाय गोंडवन कोळशात इनर्टिनाइट हा घटक जास्त असतो. त्याच्याशी हायड्रोजन सहजी जुळत नाही.

हिशेब सोपा आहे. चांगल्या कोळशाचे एक टन तेल करायला, हायड्रोजन आणि उष्णतेसाठी लागणारा कोळसा धरून, साडेतीन ते चार टन कोळसा लागतो. 35 टक्के राखेचा कोळसा घेतला तर पाच टनांच्या पुढे जावे लागेल. ओर्डोसएवढा, वर्षाला दहा लाख टन तेल देणारा कारखाना वणीला काढायचा म्हटले तर 50 लाख टन कोळसा आणि त्यातून साडेसतरा लाख टन राख, दरवर्षी. वेस्टर्न कोलफील्ड्सचे (वेकोलि) सगळ्या खाणींचे मिळून वार्षिक उत्पादन सहा-सात कोटी टनांच्या घरात आहे, त्यामुळे कोळसा पुरेल. राख ठेवायला मात्र वणी-घुग्घुस पट्ट्यात आधीच मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेलेल्या जमिनीशेजारी आणखी जमीन लागेल.

बाभुळगावच्या शेतकऱ्याने ऐकावी अशी एक गोष्ट या चर्चेत क्वचित सांगितली जाते. थेट हायड्रोजनीकरणातून निघणाऱ्या तेलात कड्यांच्या रचनेचे रेणू जास्त असतात. त्याचे पेट्रोल चांगले होते, म्हणून तर जर्मनीची विमाने त्यावर उडाली. डिझेल मात्र कमी दर्जाचे होते, कारण डिझेल इंजिनाला लागणारा सीटेन अंक त्यात कमी भरतो. तो वाढवायचा तर आणखी हायड्रोजन ओतावा लागतो. उत्तम डिझेल देते ती अप्रत्यक्ष पद्धत. गावाला हवे ट्रॅक्टरचे आणि मालवाहू गाडीचे डिझेल. थेट पद्धत नेमकी तिथेच कमी पडते.

मग वायूत रूपांतर करण्याची वाट तरी इथे चालेल का? याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. वर्धा खोऱ्याचा कोळसापट्टा प्राणहितेकडून गोदावरी खोऱ्यात उतरतो, तिथे तेलंगणातले रामगुंडम आहे. फर्टिलायझर कॉर्पोरेशनने तिथे आणि तालचेरला कोळशाच्या वायूपासून युरिया करण्याचे कारखाने बांधले, आणि 1980 मध्ये ते उत्पादनात आले. अमोनियासाठी हायड्रोजन लागतो आणि तो कोळशातून काढायचा होता, म्हणजे तेलनिर्मितीचा अर्धा रस्ता तोच. निवडलेली भट्टी कोळशाची पूड उच्च तापमानाला जाळणारी, कमी राखेच्या कोळशासाठी विकसित झालेली. इथल्या राखेने तिचे काम बिघडवले, विजेच्या खंडाने संच वरचेवर थांबले, आणि कारखाने कधीच क्षमतेएवढे चालले नाहीत. 1999 मध्ये रामगुंडम बंद झाले. शेकडो कुटुंबांचे पगार थांबले. 2021 मध्ये ते नव्याने सुरू झाले तेव्हा कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर.

याचा अर्थ भारतीय कोळशाचे वायूत रूपांतर होतच नाही असा नाही. ओडिशात अंगुलला जिंदालचा पोलाद कारखाना जास्त राखेच्या कोळशाचा वायू करून लोहखनिज वितळवण्याआधीच्या टप्प्यासाठी वापरतो. हैदराबादला भेलने द्रवप्रवाही थराच्या भट्टीत असा कोळसा वापरून रोज पाव टन मिथेनॉल करणारा संच चालवून दाखवला. भट्टी कोळशाला साजेशी निवडली तर जमते, एवढे यातून कळते. पण पाव टनावरून हजारो टनांवर जायला किती वर्षे लागतात हे रामगुंडमने शिकवले आहे, आणि घाई केल्याची किंमत कामगार आणि करदाते देतात.

जानेवारी 2024 मध्ये केंद्राने कोळशाच्या वायूकरणासाठी 8,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण हे उद्दिष्ट आहे. या योजनेच्या निमित्ताने चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे नाव पुढे आले. तिथे 1990 च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीजप्रकल्पासाठी शेतजमीन घेतली गेली होती आणि वीजप्रकल्प झालाच नाही. जमीन अनेक वर्षे पडून राहिली. आता तिथे कोळसा वायूकरणाचे प्रकल्प येऊ घातले आहेत. त्यांचे उत्पादन म्हणून बोलले जाते ते अमोनियम नायट्रेट, हायड्रोजन, स्पंज आयर्न यांविषयी, पेट्रोल-डिझेलविषयी नाही. हे मला शहाणपणाचे लक्षण वाटते. वायूकरणाच्या भट्टीतून बाहेर पडलेला हायड्रोजन खतात किंवा स्फोटकांत गेला तर त्याची किंमत वसूल होण्याची शक्यता अधिक. तोच पुन्हा पुढच्या संचांतून फिरवून डिझेल केले तर ते आखाती तेलाच्या भावाशी झुंजत बसणार.

पाण्याचा मुद्दा विदर्भात टाळता येत नाही. थेट पद्धतीत एक टन तेलामागे पाच ते दहा टन पाणी लागते. दहा लाख टनांच्या कारखान्याला वर्षाला 50 लाख ते एक कोटी घनमीटर. माणशी रोज 135 लिटर धरले तर हे एक ते दोन लाख माणसांचे वर्षभराचे पाणी झाले, म्हणजे यवतमाळएवढ्या शहराचे. 2018 च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे धरणसाठे आटले होते आणि लोक टँकरची वाट पाहत उभे होते. कार्बनचा हिशेबही असाच कडक. कोळशाचे तेल करताना आणि नंतर ते जाळताना मिळून, साध्या खनिज तेलाच्या जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सासोलचे सेकुंडा हे एकाच ठिकाणाहून सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या जगातल्या केंद्रांत गणले जाते. हवेतला हा वायू वाढला की पाऊस बेभरवशाचा होतो, आणि बाभुळगावचा बहुतेक कापूस पावसावरच उभा आहे.

यावर एक उत्तर दिले जाते: हायड्रोजन सौरविजेने पाण्यातून काढू, मग कोळशाचे तेल बरेच स्वच्छ होईल. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे, कारण या प्रक्रियेतल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग हायड्रोजन बनवतानाच निघतो. पण असा हायड्रोजन आजही महाग आहे, आणि तो हाती आला तर आधी खतकारखान्यांना आणि पोलाद उद्योगाला द्यावा. तो खर्चून कोळशाचे डिझेल करणे ही मला उधळपट्टी वाटते.

बाभुळगावच्या डिझेलची गरज कमी करण्याचे मार्ग वणीच्या खदानीतून जात नाहीत. सौर कृषिपंप आता पोचू लागले आहेत. गावोगावच्या बांधांवर जळून जाणारी कापसाची पऱ्हाटी हीही कार्बनचीच ठेव आहे. तिच्या कांड्या करून बॉयलरमध्ये जाळण्याचे तंत्र 'सिरकॉट' या कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या नागपूर केंद्राने पुढे आणले आहे. ट्रॅक्टरचे डिझेल यातून सुटणार नाही, हे मान्य. पण वेचणीनंतर पेटवून दिलेल्या पऱ्हाटीचा पैसा गावात राहील, आणि त्यासाठी कोणाची जमीन जाणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वर्धा खोऱ्याच्या कोळशासाठी उच्चदाबाचे थेट हायड्रोजनीकरण चुकीचे आहे, आणि त्याची स्वप्ने दाखवणाऱ्या घोषणेवर विश्वास ठेवू नये. वायूकरणाच्या प्रकल्पांचा विचार करता येईल, पण भट्टी कोणती, ती अशाच राखेच्या कोळशावर कुठे आणि किती वर्षे चालली, राख कुठे जाणार, पाणी कोणत्या धरणातून येणार, हे आधी लेखी सांगितले गेले पाहिजे. पर्यावरण आघाताच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. वणी, भद्रावती, वरोरा इथल्या वाचकांनी तो सारांश मागून घ्यावा, हे चार प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. बाभुळगावकरांनी आपल्या बेंबळेच्या पाण्यावर पुढे कोणता औद्योगिक हक्क मागितला जातो, यावर आतापासून लक्ष ठेवावे.